भिमण्णाचा हात

बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजच्या मागून
पारसिकची पायवाट चढते. पाऊण तासाची.
रविवारी इतकी वर्दळ, की वाटेत
'अजून किती?' विचारायचं
आणि उतरणाऱ्यांनी 'आलंच' म्हणायचं
असा रिवाजच पडलाय.

आप्पा येतो म्हणाले
तेव्हा मी त्यांच्या गुडघ्याची सबब काढली.
'गुडघा माझा हाय,' म्हणाले,
आणि कापडी बूट घालून
लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले.

ऋजुता केळुसकर आमची म्होरकी.
तिनं सूचना दिल्या : प्लास्टिक टाकू नका,
ओळ सोडू नका,
कड्याच्या टोकाला तर जाऊच नका.
आप्पांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.
एकवीस वर्षं ते त्या टोकालाच कामाला होते
हे मी तिला सांगितलं नाही.
का नाही सांगितलं,
ते चढताना टोचत राहिलं
मोज्यात शिरलेल्या कुसळासारखं.
खाली बसून काढावं
तर सापडत नाही.

कार्तिक सरत आलेला. गवत पिवळं पडलेलं.
एका वळणावर आप्पा थांबले.
मी बाटली पुढे केली,
त्यांनी हातानंच गप्प केलं मला.
कान देऊन उभे.
मग घड्याळ पाहिलं, सव्वाआठ,
आणि स्वतःशीच हसले.
'शिट्टी साडेबाराला व्हायची.'

तीन शिट्ट्या, लाल फडकं,
मग सगळी खाण श्वास धरून आकडे मोजायची.
खाली झोपडीत आई
ताटावर ताट पालथं घालायची,
छपरातून धूळ गळायची म्हणून.
तरी भाकरी दाताखाली कचकचायचीच.
थोडा डोंगर मीही खाल्लाय.

माथ्यावर सगळे एकदम खाडीकडे वळले.
तिवरांची काळी किनार, ओहोटीचा चिखल,
पामबीच रोडवर मुंग्यांएवढ्या गाड्या,
नेरूळचे टॉवर धुरक्यात घोट्यापर्यंत बुडालेले.
'काय व्ह्यू आहे!' कोणीतरी म्हणालं,
आणि मग सगळ्यांनीच म्हटलं.

आप्पांची व्ह्यूकडे पाठ.
ते पाहत होते तिकडे, जिथे डोंगर
सुरीनं पाव कापावा तसा उभा कापलाय.
कातळात वरून खाली अर्ध्या नळ्यांसारख्या रेघा,
सुरुंगाची भोकं,
अर्धं अंग दगडाबरोबर उडालेलं,
अर्धं मागे राहिलेलं.

'हे माझं न्हाई. हे भिमण्णाचं.
त्याचा हात डावीकडं झुकायचा.
मुकादम आई-बाप काढायचा त्याचे.
त्ये बघ. आनि त्ये. समदी डावीकडं.'

मी पाहिलं. खरंच,
एखाद्याच्या अक्षरासारखी
ओळच्या ओळ कलती.

'आणि तुमची?'
त्यांनी बराच वेळ शोधलं,
डोळ्यांवर हात धरून.
'माझा थर ग्येला. मागनं अजून आत घेतलं त्यांनी.'

भिमण्णा आता कुठे असतात, विचारलं.
'गावाकडं. ऐकू येईना त्याला.
फोन उचलतो, निस्ता हॅलो हॅलो करतो.'

ऋजुता आली : 'काका, ग्रुप फोटो! इकडे या, खाडी मागे येऊ दे.'
आप्पा म्हणाले, मागं दगड येऊ द्या.
तिला वाटलं गंमत करतायत.
मग त्यांनी मला एकट्या कातळाचा फोटो काढायला लावला,
भिमण्णाच्या नातवाला पाठवायला लावला,
वर काही लिहू नको म्हणाले. वळखंल तो.

उतरताना अर्ध्या वाटेत उत्तर आलं. आवाजी.
बहिऱ्या माणसाचा आवाज, त्याला स्वतःला ऐकू जावा एवढा मोठा,
वाटेवरची चार माणसं दचकून वळली :

'दुर्गाप्पा! वाकडी न्हाईत रं ती!
तुझ्या पोरानं फोटू वाकडा काढलाय!'

आप्पा कुडाच्या झाडाला धरून
इतके हसले, की शेवटी
गुडघा दुखला त्यांचा.